पत्ता कोणी ठरवायचा?

झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, पत्र पाठवायचं तर पाकिटावर बऱ्याच ओळी भराव्या लागतात. माणसाचं नाव, पोडाचं नाव, ते पोड ज्या महसुली गावात मोडतं त्या गावाचं नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि सगळ्यात शेवटी सहा आकडी पिन. यातली पहिली दोन नावं लोकांनी ठेवलेली असतात. पुढचं सगळं दुसऱ्या कोणीतरी, दुसरीकडे कुठेतरी बसून ठरवलेलं असतं.

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा हा तालुका. खालच्या अंगाला पैनगंगा, नदीपलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चार भाषा इथे कानावर पडतात. इथला माणूस जागचा न हलता त्याच्या पत्त्याच्या वरच्या ओळी किती वेळा बदलल्या ते पाहा. वऱ्हाड निजामाचा होता. १८५३च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. जिल्ह्याचं नाव वणी होतं, ते १९०५मध्ये यवतमाळ झालं, आणि इंग्रजी कागदांवर त्याचं 'येवतमाळ' झालं. १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी पोड तिथेच होतं. प्रत्येक वेळी पोडाला कोणी विचारलं नाही.

आज मागोवा घ्यायचा तो वेगळ्या पत्त्याचा. मोबाइलवर आपण जी नावं टाइप करतो आणि त्या नावांमागे जे आकडे असतात, त्यांचे नियम कोण करतं, आणि त्यात साध्या वापरणाऱ्या माणसाला बोलता यावं हा विचार कुठून आला, कसा वाढला, कुठे खुंटला, याचा. ही कथा कॅलिफोर्नियाची वाटते. पण तिच्यात जुहू आहे, पुणे आहे, हैदराबाद आहे, आणि जरा नीट पाहिलं तर वऱ्हाडही आहे.

आधी पिनकोड, कारण आपल्याकडे पत्त्याची पहिली मोठी आधुनिक पुनर्रचना त्याने केली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी व नाटककार. एकाच नावाची ढिगाने गावं, प्रत्येक राज्याची वेगळी लिपी, इंग्रजी स्पेलिंगची दहा तऱ्हांची ओढाताण. यामुळे पत्रं भरकटत. झरी हेच नाव घ्या. कोणी ते झेडने लिहितं, कोणी जे-एचने. जामणीतला मधला 'ए' कोणी घालतं, कोणी गाळतं. वेलणकरांनी आकडा आणला आणि भाषा मधून काढून टाकली. देशाचे आठ विभाग, नववा लष्कराचा. चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आजचं छत्तीसगड. चव्वेचाळीस म्हणजे विदर्भ. ४४५ म्हणजे यवतमाळ. कोलामी बोलणाऱ्याला, तेलुगू बोलणाऱ्याला आणि दिल्लीच्या सॉर्टरला तो सारखाच वाचता येतो. माझ्या मते स्वतंत्र भारतात झालेल्या अत्यंत उपयोगी कामांपैकी हे एक. ते खात्याने केलं, चांगलं केलं, आणि कोणाला न विचारता केलं. पिनपुरतं ते चाललं, कारण आकड्यात कोणाची भाषा बुडत नव्हती आणि कोणाला आकड्याचे पैसेही मोजावे लागत नव्हते.

इंटरनेटचा पत्ताही सुरुवातीला असाच एका टेबलावरून चालायचा. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या कार्यालयात एक यादी होती. जोडलेल्या प्रत्येक संगणकाचं नाव आणि त्याचा आकडा तिच्यात. नवं नाव हवं असेल तर त्या कार्यालयाला कळवायचं; फाइनलर यादीत भर घालत आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यादी हाताबाहेर गेली तेव्हा १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची उतरंड रचली: शेवटचा भाग सर्वांत वरचा, त्याच्या आत पुढचा. आकडे आणि वरची नावं यांचा हिशेब जॉन पोस्टेल नावाचे एक दाढीवाले संशोधक ठेवत. देशांना दोन अक्षरी नावं द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक यादी उचलली. कोणता देश देश आहे हे ठरवणं आपलं काम नाही, ही त्यांची भूमिका होती. १९९४मध्ये त्यांनी लिहून ठेवलेला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. देशाचं नाव सांभाळणारा त्या नावाचा मालक नसून विश्वस्त आहे. त्याने हक्काची भाषा सोडून सेवेची भाषा बोलावी, असं त्याचं सार आहे. सेवाग्राम आणि पवनार ज्या विदर्भात आहेत तिथल्या वाचकाला विश्वस्त ही कल्पना समजावून सांगायला नको.

भारताचं 'डॉट इन' १९८९मध्ये मिळालं, आणि ते राहिलं मुंबईत, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात. हे केंद्र अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा भाग होतं. सांभाळणारे लोक विद्वान आणि सचोटीचे होते, पण नाव मिळण्याच्या अटी कडक होत्या. २००४ अखेर, म्हणजे दीड दशकात, डॉट इनखाली नोंदलेली नावं सात हजारांच्या आसपासच होती. शंभर कोटींचा देश आणि सात हजार नावं! २००३मध्ये निक्सी ही संस्था निघाली, डॉट इन तिच्याकडे गेलं, २००५च्या सुरुवातीला अटी सैल झाल्या आणि कोणालाही थेट नाव घेता येऊ लागलं. तोवर बहुतेक भारतीयांनी डॉट कॉमची वाट धरली होती. विश्वस्त चांगला असूनही दार अरुंद असेल तर काय होतं, याचं हे घरचं उदाहरण.

दरम्यान वर, मुळाशी, मोठी उलथापालथ झाली होती. व्यापार वाढला, नावांना पैसा मिळू लागला, आणि एका माणसाच्या वहीवर जगाचे पत्ते चालणं कोणालाच परवडेना. ३० सप्टेंबर १९९८ रोजी या कामासाठी कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली आयकॅन ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. दोनच आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, पोस्टेल वारले.

या संस्थेच्या मूळ आराखड्यात एक धाडसी गोष्ट होती. एकोणीस जणांच्या संचालक मंडळात नऊ जागा सर्वसाधारण वापरकर्त्यांच्या. कंपन्या नाहीत, सरकारं नाहीत, तंत्रज्ञांच्या संघटना नाहीत. जो इंटरनेट वापरतो तो. या वर्गाला तिथे 'ॲट लार्ज' म्हणतात. त्यातल्या पाच जागांसाठी ऑक्टोबर २०००मध्ये खरोखर निवडणूक झाली. जगाचे पाच विभाग, प्रत्येकातून एक संचालक. मतदार व्हायला वय १६ पूर्ण, एक ईमेल आणि टपालाचा एक खरा पत्ता एवढं पुरे होतं. टपालाचा पत्ता कशाला? कारण ईमेल कोणीही शंभर काढेल. म्हणून अर्ज करणाऱ्याच्या घरी टपालाने पत्र जायचं, त्यात एक गुप्त आकडा असायचा, आणि तो आकडा भरल्यावर नाव मतदार यादीत पक्कं व्हायचं. इंटरनेटच्या पत्त्यांवर मत द्यायला आधी पोस्टमनला तुमचं घर सापडायला हवं होतं.

अर्ज आले १,५८,५९३. आकडा भरून नाव पक्कं केलं ७६,१८३ जणांनी. मत दिलं ३४,०३५ जणांनी. आफ्रिकेतून घानाचे नी क्वेनोर, आशिया-पॅसिफिकमधून जपानचे मासानोबू कातो, लॅटिन अमेरिका-कॅरिबियनमधून ब्राझीलचे इव्हान मौरा कांपोस, युरोपातून जर्मनीच्या हॅकर मंडळींतले आंडी म्युलर-मागुन, उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑरबॅक. शेवटचे दोघे संस्थेच्या नामांकन समितीच्या यादीतले नव्हते, सभासदांनी पुढे केलेले होते. भारतात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती; १९९५च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने ते खुलं केलं होतं. वणी-पांढरकवड्याच्या बाजूला २०००मध्ये या निवडणुकीची वार्ता पोचायचं काही कारणच नव्हतं.

ऑरबॅक यांच्या बाबतीत पुढे जे घडलं ते ग्रामपंचायतीचं दप्तर बघायला मागितलेल्या कुठल्याही सदस्याला ओळखीचं वाटेल. निवडून आलेल्या या संचालकाने संस्थेचे हिशेब आणि कागद पाहायला मागितले. अटी घातल्या गेल्या. मार्च २००२मध्ये ते न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी निकाल त्यांच्या बाजूने लागला: संचालकाला संस्थेचे कागद पाहण्याचा अधिकार आहे. ज्यांनी मत देऊन त्यांना पाठवलं होतं त्यांचं मत वाया गेलं नाही, एवढं या एका निकालाने तरी सिद्ध केलं.

पण तोवर निवडणुकीचाच निकाल लागायची वेळ आली होती. तेव्हाचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी २००२च्या सुरुवातीला सुधारणेचा प्रस्ताव मांडला. चौतीस हजार मतदार साऱ्या जगाचे प्रतिनिधी कसे, एखादा देश किंवा कंपनी मोठ्या संख्येने मतदार नोंदवून जागा बळकावेल त्याचं काय, एवढा खर्च कोण करणार, हे आक्षेप होते. आक्षेप पोकळ नव्हते. तरीही मला वाटतं, उपाय उलटा झाला. मतदार यादी अपुरी होती तर ती वाढवायची असते. इथे मतदान केंद्रच बंद झालं. वर्षाअखेर नवी घटना आली आणि थेट निवडणूक संपली. त्यानंतर आजवर ती पुन्हा झालेली नाही.

तिच्या जागी आली सल्लागार समिती. पंधरा सदस्य: पाच विभागांतून प्रत्येकी दोन, आणि प्रत्येक विभागातला आणखी एक नामांकन समितीने नेमलेला. विभागांच्या संघटना २००६-०७मध्ये उभ्या राहिल्या. आपला विभाग अरबस्तानापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेला. जगातली निम्म्याहून जास्त माणसं त्यात, आणि सदस्य तीन. पुढे या संघटनांत भारतीय माणसं जबाबदारीच्या जागी आली. केरळचे सतीश बाबू आशिया-पॅसिफिकच्या संघटनेचे अध्यक्ष होते. पण मताचा सल्ला झाला होता, आणि सल्ला ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असतो.

मर्जी नसली की काय होतं हे २०१९मध्ये दिसलं. डॉट ओआरजी हे नाव जगभरच्या सेवाभावी संस्थांचं. आपल्याकडच्या कितीतरी संस्था त्याखाली आहेत. त्याच्या वार्षिक दराला कमाल मर्यादा होती. ती काढावी का, यावर लोकांची मतं मागवली. तीन हजारांहून जास्त मतं आली, बहुतेक सगळी विरोधात. मर्यादा काढली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही सगळी नोंदवहीच १.१३५ अब्ज डॉलरला एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकायचं जाहीर झालं, तेव्हा मात्र संस्था रस्त्यावर उतरल्या, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी पत्र लिहिलं, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनच्या मंडळाने व्यवहाराला संमती नाकारली. पहिल्या वेळी लोकांनी फक्त लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांच्या मागे कायद्याचं बळ होतं.

मग सल्ल्याला बळ कसं यावं? याचा विचार करताना गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवल्याशिवाय राहत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गोंड गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत घातली. सर्वसहमती नुसत्या बसण्यातून येत नाही, म्हणून त्यांनी अभ्यास गट केला: आधी विषय समजून घ्यायचा, बाहेरचा जाणकार असला तर त्याला विचारायचं, पण निर्णय ग्रामसभेचा. २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. इंटरनेटचे तांत्रिक नियम करणाऱ्यांचीही जुनी रीत हात मोजण्याची नाही, ढोबळ सहमतीची आहे. दोन्हीकडे सहमतीचा कस एकाच जागी लागतो: सभेत कोण आलं, आणि आलेल्याला विषय कळला होता का.

ॲट लार्जवाल्यांनीही हळूहळू जागा परत मिळवली. २०१०च्या डिसेंबरात त्यांनी निवडलेला एक संचालक, फ्रान्सचे सेबास्तियां बाशोले, मतदानाच्या हक्कासह मंडळात बसला. नवाच्या जागी एक. मग २०१६. अमेरिकी सरकारची पत्त्यांच्या मुळावरची शेवटची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ला संपली, आणि तिच्या जागी मंडळावर लगाम ठेवणारा एक समुदाय तयार झाला. त्याचे पाच घटक. सरकारांचा एक, आकडे सांभाळणाऱ्यांचा एक, देशनावांचा एक, बाकी नावांचा एक, आणि वापरकर्त्यांची ही सल्लागार समिती पाचवी. पुरेशा घटकांचं एकमत झालं तर मंडळाचा अर्थसंकल्प नाकारता येतो, संचालक काढता येतो. २००२मध्ये जे गेलं त्यातलं काही चौदा वर्षांनी दुसऱ्या वाटेने परत आलं.

या बदलानंतरची पहिली जागतिक सभा झाली हैदराबादला, ३ ते ९ नोव्हेंबर २०१६. झरी जामणीहून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद महामार्ग गाठायचा की सरळ आदिलाबादवरून खाली. तीन हजारांवर माणसं आली होती. सभा चालू असतानाच ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि जगभरातून आलेले पाहुणे हातात निरुपयोगी नोटा घेऊन उभे राहिले. प्रवेशाला पैसे लागत नव्हते. आयकॅनच्या सभेला येणाऱ्याकडून शुल्क घेत नाहीत. दार उघडं असलं तरी त्याची बातमी गावापर्यंत गेली नाही, आणि गेली असती तरी आत चाललेली चर्चा कोणत्या भाषेत होती?

इथे या मागोव्याचा मला सर्वांत आशादायक वाटणारा धागा लागतो, आणि तो पुण्यातून येतो.

इंटरनेटची नावं मुळात फक्त रोमन अक्षरांत चालत. इतर लिप्यांना वाट द्यायची म्हणून आतल्या आत त्यांचं रोमन रूप करायची युक्ती निघाली. '.भारत' आपण देवनागरीत लिहितो, पण यंत्रांमध्ये ते फिरतं ते असं: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. देवनागरीतलं हे '.भारत' २७ ऑगस्ट २०१४ला लोकांसाठी खुलं झालं, मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी.

पण एखादी लिपी मुळाच्या, म्हणजे सर्वांत वरच्या नावांच्या, पातळीवर आणायची म्हणजे अक्षरांची यादी करावी लागते. कोणतं चिन्ह चालेल, कशाला जोडून चालेल, कोणती दोन नावं डोळ्याला सारखी दिसून फसवणूक होऊ शकेल. हे कॅलिफोर्नियात बसून ठरवता येत नाही, आणि सुदैवाने ते तिथे बसून ठरवलंही नाही. ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी एक गट बसला. त्याचे प्रमुख जयपूरचे अजय डाटा. त्यांच्याबरोबर पुण्याच्या सी-डॅकचे महेश कुलकर्णी आणि भाषाशास्त्रज्ञ उदय नारायण सिंह. सी-डॅकच्या पुण्यातल्या जिस्ट गटाचा भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचा अनुभव दशकांचा होता. देवनागरीचे नियम २०१९मध्ये पक्के होऊन मुळाच्या नियमावलीत गेले. तेलुगू आणि कन्नडचेही त्याच खेपेस; त्या दोन लिप्यांतली अक्षरं एकमेकांसारखी दिसून फसवणूक होण्याची शक्यता मोठी.

त्या कामातली एकच गोष्ट जवळून पाहू. 'वऱ्हाड' लिहा. ह-च्या आधी जी आडवी चंद्रकोरीसारखी रेघ आहे, ती रफार नाही. रफार दिला तर 'वर्हाड' होतं, आणि कोणताही वैदर्भी माणूस त्याला चूक म्हणेल. कुऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या यांच्यातली ही रेघ मराठी लिहिणाऱ्याच्या हातात मुरलेली. हिंदी लिहिणाऱ्याला तिची गरजच पडत नाही. संगणकावर ती दोन तऱ्हांनी काढता येते. एक, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. दुसरी, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी. यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. पत्त्यात हे धोक्याचं. कोणी एका तऱ्हेने नाव घेईल आणि दुसरा दुसऱ्या तऱ्हेने घेऊन लोकांना फसवेल. मुळाच्या नियमांत न दिसणाऱ्या चिन्हांना बंदी आहे, म्हणजे पहिली तऱ्हा बाद. दुसरीही बाद झाली असती तर मराठीतली ही रेघ पत्त्यांतून कायमची गेली असती. ती राहिली, कारण मराठी जाणणारी माणसं त्या टेबलाला होती. नुक्त्याचा ऱ हलन्तासह, य आणि ह यांच्या आधी, एवढ्यापुरता नियमात बसवला गेला. मराठीला लागतं तेवढंच, आणि फसवणुकीला वाव न ठेवता.

या रेघेसाठी कोणी मोर्चा काढला नाही, कोणी मतदान केलं नाही. पण वापरणाऱ्याला जे माहीत असतं आणि नियम करणाऱ्याला माहीत नसतं, ते योग्य वेळी योग्य कागदावर गेलं. चौतीस हजार मतांनी जे साधलं नाही ते इथे साधलं असं मी म्हणेन. लोकांचा सहभाग म्हणजे नुसती खुर्ची नव्हे. रोज ती लिपी लिहिणाऱ्या हाताची साक्ष नियमात उतरायला हवी.

याच मापाने आता पोडाकडे पाहावं लागतं.

कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. कोलाम महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. कोलामीचा मोठा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी वर्ध्याच्या बाजूच्या कोलामांकडून ऐकून केला आणि तो १९५५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. पत्त्यांचे नियम ज्या राज्यात होतात तिथेच या भाषेचं व्याकरण सत्तर वर्षांपूर्वी छापून पडलेलं आहे. त्या भाषेत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे. मराठीत तसं नाही, म्हणून मराठी शाळेची देवनागरी तो फरक दाखवतच नाही. युनिकोडमध्ये ऱ्हस्व ए-ओच्या खुणा आहेत. पण कोलाम पोर मोबाइलवर आपल्या भाषेत निरोप टाइप करताना त्या खुणा वापरतं का, साध्या मात्रेवरच भागवतं का, त्याच्या फोनवर त्या उमटतात तरी का, हे पोडात जाऊन विचारल्याशिवाय कोणत्याही समितीला कळणार नाही. लिप्यांचे नियम करताना भाषांची निवड मुख्यतः एका मापनपट्टीवर झाली. ज्यांचा लेखी वापर रुळलेला, शिक्षणात, कारभारात आहे त्या वरच्या पायऱ्यांवर. ज्या घरात आणि अंगणात बोलल्या जातात त्या खाली. आठव्या अनुसूचीतही कोलामी आणि गोंडी नाहीत. वेलणकरांच्या आकड्यात भाषा बुडत नव्हती. अक्षरांच्या यादीत ती बुडू शकते.

विचारायची यंत्रणा मात्र इथे आहे, आणि ती कॅलिफोर्नियातल्या कोणत्याही समितीपेक्षा जुन्या हक्काची आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४चे नियम यांमुळे पाड्याला किंवा पोडालाही स्वतःला गाव म्हणून मान्यता मागता येते, स्वतःची ग्रामसभा भरवता येते. पाकिटावरची दुसरी ओळ, पोडाचं नाव, पहिल्यांदाच कायद्याने स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. वनहक्कासाठी पोडांनी नकाशे केले, जुनी माणसं साक्षीला बसवली, ठराव लिहिले. भाषेच्या खुणांसाठी ठराव लिहिणं त्याहून अवघड नाही.

अवघड आहे ते पलीकडच्या बाजूचं. आयकॅन एखाद्या नियमावर लोकांची मतं मागवते तेव्हा साधारण चाळीस दिवस देते. महत्त्वाचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत येतात: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. मराठी नाही, तेलुगू नाही, हिंदीसुद्धा नाही. आपल्याकडच्या नेमाच्या ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालेली मुदत पुढच्या ग्रामसभेपूर्वीच संपून जाते. शिवाय डॉट ओआरजीसारख्या नव्या शेवटच्या नावासाठी अर्ज करायचं शुल्क २०१२मध्ये १,८५,००० डॉलर होतं, पुढच्या फेरीला २,२७,०००. गरजूंसाठी सवलतीची सोय ठेवली गेली, पण तिच्यासाठीही अर्ज करावाच लागतो.

आशिया-पॅसिफिकच्या वापरकर्ता संघटनेत एकट्या माणसालाही सभासद होता येतं. वणीच्या, पांढरकवड्याच्या महाविद्यालयातल्या एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाने, मुकुटबनच्या एखाद्या शिक्षकाने किंवा पोडातून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या कोलाम मुलीने ते व्हावं; मुदत सुरू झाली की कागदाचं सार मराठीत आणि कोलामीत दोन पानांत करावं; पोडाची विशेष ग्रामसभा बोलवावी; तिथे पाच जणांना आपल्या भाषेतले शंभर शब्द मोबाइलवर लिहायला सांगावे आणि कोणी कोणती खूण वापरली ते तसंच्या तसं उतरवून ठरावाला जोडावं. आणि आयकॅनने भारतीय भाषांवरच्या नियमांसाठी चाळीसऐवजी किमान एकशे वीस दिवस द्यावे, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी हे सगळ्यात लांब अंतरही त्यात बसेल आणि मुदत कधीही सुरू झाली तरी एक ग्रामसभा तिच्या आत येईल.

ठरावाखाली पत्ता लिहायचा तो पाकिटावर असतो तसाच पूर्ण लिहावा, पोडाच्या नावापासून.